अण्णांकडे उरलेला शब्द

पंचवटी, नाशिक
४ जानेवारी १९९९

प्रिय रंगा,

सलाम. शुभांगीला आणि हर्षलला माझे आशीर्वाद सांग.

अण्णांच्या आजारपणाचं मी कळवलं होतं, त्यावर शुभांगीचं कार्ड आलं. तुझी एक ओळही त्यात नव्हती. पण वर पत्ता तुझ्या अक्षरात होता, ते मी लगेच ओळखलं. तेवढ्याच भरवशावर पुन्हा लिहायला बसले आहे.

अण्णांची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. डाव्या हाताने चमचा धरतात, अर्धं सांडतं. जिवावरचं टळलं असं डॉक्टर म्हणतात. बोलणं मात्र गेलं. सगळं गेलं असतं तर मनाची समजूत घालता आली असती, पण एक शब्द उरला आहे. "थांब." पाणी हवं असलं तरी थांब, नको असलं तरी थांब. पाठ दुखली की थांब, खिडकीत चिमणी आली की थांब. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की त्यांना सगळं कळतं, मनात शब्दही येतात, पण तोंडाशी येईपर्यंत हरवतात आणि जो एक रुतून बसला आहे तोच बाहेर पडतो. कुणाला स्वतःचं नाव उरतं म्हणे, कुणाला शिवी. अण्णांनी जन्मभर वर्गातून पळणाऱ्या पोरांना हाका मारल्या, त्यातलाच हा एक राहिला असावा, अशी मी समजूत करून घेतली आहे.

आता नव्या वर्षाचं. तू ते सगळं विसरायचं ठरवलं आहेस, मला ठाऊक आहे. पण हर्षलने कधी विचारलं तर त्याला सांगता यावं म्हणून लिहिते, की त्याचे आजोबा दर वर्षी नाताळ झाला की उपास धरायचे, आणि एक जानेवारीला चर्चमधली उपासना संपली की मंडळीतलं एकेक कुटुंब आपल्या ओट्यावर यायचं. अण्णा खुर्चीत बसून प्रत्येकाला वर्षासाठी एक शब्द द्यायचे. एकच. लोक तो जपून ठेवायचे, अडचणीत आठवायचे, त्यावर प्रार्थना करायचे. झिपरू रिक्षावाल्याला एकदा "ऐक" मिळाला, तर त्याने वर्षभर बायकोशी भांडण केलं नाही. आईला "विसावा" दिला त्या वर्षी आई गेली, तेव्हापासून तर मास्तरांना पुढचं दिसतं असं लोक म्हणायला लागले. अण्णा मला एकदा म्हणाले होते, "मला काय दिसणार, मैना? ती दमलेली दिसत होती, एवढंच." हे त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही.

माझ्या वाट्याला बहुतेक "धीर" यायचा. तुझ्या वाट्याला जे आलं ते मी इथे लिहीत नाही.

या वर्षी मी पाळकांना आधीच सांगितलं होतं, की कुणाला घरी पाठवू नका. पण नाताळ झाला आणि अण्णा जेवेनासे झाले. घास पुढे केला की तोंड फिरवायचे. मला वाटलं दुखणं वाढलं. रडकुंडीला येऊन मी डॉक्टरांकडे जाऊन आले. मग एक तारखेला सकाळी त्यांनी डाव्या हाताने पांढऱ्या सदऱ्याकडे बोट दाखवलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी उपास धरला होता, रंगा. ते तयारी करत होते.

लोक आले. मी ओट्याच्या पायरीवर उभी राहून प्रत्येकाला सांगत होते, की अण्णांना तेवढा एकच शब्द येतो, मनाला लावून घेऊ नका. लोक मान हलवायचे आणि आत जायचे. अण्णा एकेकाकडे बघायचे. त्यांच्याकडे त्या माणसासाठी शब्द होता, तो डोळ्यांत दिसत होता. ओठ जुळायचे, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि बाहेर यायचं, "थांब." मग डोळ्यांतून पाणी. पुढचं कुटुंब. पुन्हा तेच. बायका म्हणाल्या, मास्तरांवर पवित्र आत्मा उतरला आहे. सगळ्या मंडळीला एकच शब्द असं आजवर कधी झालं नव्हतं म्हणे. पाळकही गहिवरले. मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले.

सावळीरामकाका आणि भागीबाई सगळ्यांत शेवटी आले. काका तुला आठवतील, आडगावकडे ज्यांचं मेथी-कोथिंबिरीचं वावर आहे, तुला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे तेच. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं आहे. मला म्हणाले, "टाके निघाले की पहिलं जेवण तुझ्याकडे, मैना. शेवग्याच्या शेंगांची आमटी कर." त्यांनाही अण्णा थांबच म्हणाले. जाताना काकांनी मला विचारलं, "थांब म्हणाले ना मास्तर?" मी म्हटलं, "काका, त्यांना तेवढंच येतं हो." ते हसले. "तेवढ्यातनं देव बोलायचा तर बोलतोच की."

सध्या एवढंच. अण्णांना उचलून खुर्चीत बसवायला मला शेजारच्यांना हाक मारावी लागते. कुणी घरचं असतं तर बरं झालं असतं. ये असं म्हणत नाही. सांगते फक्त.

तुझी ताई,
मैना


पंचवटी, नाशिक
१० मार्च १९९९

प्रिय रंगा,

शुभांगीचं कार्ड मिळालं. तू माझं पत्र वाचलंस, दोनदा वाचलंस, आणि मग दुकानात जाऊन बसलास, असं तिने लिहिलं आहे. पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधायचं तुझं काम चांगलं चाललं आहे हे वाचून आनंद झाला.

वाईट बातमी आहे. सावळीरामकाका गेले. वावरात मेथीला पाणी देत होते, तिथेच बांधावर बसले ते उठलेच नाहीत. हृदयाचंच. ऑपरेशन राहून गेलं होतं. दफनाला सारं आडगाव लोटलं होतं, त्यांचे हिंदू भाऊबंदही आले होते. भागीबाईंच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं नाही. त्या सारख्या मातीकडे बघत होत्या.

अण्णा ठीक आहेत. हल्ली गप्पच असतात. थकवा असेल. उन्हाळा पण लवकर लागला आहे या वर्षी.

माझी शाळा सकाळची झाली आहे. अकरापर्यंत शेजारची मुलगी अण्णांजवळ बसते. काळजी करू नकोस. आणि हर्षलच्या परीक्षेचं कळव.

तुझी ताई,
मैना


पंचवटी, नाशिक
२७ डिसेंबर १९९९

प्रिय रंगा,

नाताळाच्या आधी तू आलास. इतक्या वर्षांनी आपल्या दारात उभा राहिलास, मुलाला बरोबर घेऊन. आणि मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. मी येईपर्यंत तू फाटकाबाहेर पडला होतास. मी हाक मारली तर तू वळून म्हणालास, "कळलं ताई मला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. माझ्याशी बोलायचंच नाही त्यांना." हर्षल माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे आपल्या गेलेल्या आईसारखे आहेत. मी पुढे काही बोलायच्या आत तुम्ही दोघे रिक्षात बसलात.

आता मला सगळं लिहिलं पाहिजे. मार्चमध्ये मी अर्धंच लिहिलं होतं. वाटलं होतं, हे वाचून तू म्हणशील, बघ, तुमच्या शब्दांनी आणखी एकाला खाल्लं. आणि मला ते ऐकवलं नसतं.

सावळीरामकाकांचं ऑपरेशन राहून गेलं नव्हतं. त्यांनी स्वतः पुढे ढकललं होतं. दवाखान्यात जाऊन सांगून आले, की आता नको, पावसाळ्यानंतर बघू. मुलं समजावत होती, डॉक्टरांनी खडसावलं. काकांचं एकच, "मास्तर थांब म्हणालेत." मला हे कळलं तेव्हा मी आडगावला गेले, त्यांच्यासमोर बसून पुन्हा सांगितलं, की तो शब्द नाही, काका, तो आजार आहे. त्यांनी मला पेरू कापून दिले आणि म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तुला तसं वाटणारच." मी पाळकांना मध्ये घातलं. तेही जाऊन आले. पण एक तारखेला तेच ओट्यावर गहिवरले होते, आता त्यांचं कोण ऐकणार?

काका गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ पुंजा आपल्याकडे आला. तो मंडळीतला नाही. ओट्यावरूनच ओरडायला लागला, "कुठंय तो तुमचा मास्तर? माझ्या भावाला थांब म्हनला म्हनून तो थांबला. आता बोलव म्हनावं त्याला परत!" मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. म्हटलं, हळू बोला, ते आत आहेत, त्यांना सगळं समजतं. त्यावर तो आणखी मोठ्याने म्हणाला, "समजू दे की!"

समजलं.

मी आत गेले तर अण्णा भिंतीकडे बघत होते. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "थांब." आणि तो शब्द त्यांनी स्वतः ऐकला. मी त्यांचा चेहरा बघत होते, रंगा, तो मी तुला सांगू शकत नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि तोंडावर दाबून धरला. पेला माझ्या हातातच राहिला.

त्या दिवसापासून हे असं आहे. कुणी समोर आलं, की हात तोंडावर जातो. पाळक आले तरी, डॉक्टर आले तरी, दूधवाला दारात दिसला तरी. मी भरवते तेव्हा आधी तो हात हळूच सोडवावा लागतो. झोपेतसुद्धा बोटं ओठांवर असतात. डॉक्टर म्हणाले, याला माझ्याकडे औषध नाही.

आता तू आलास त्या दिवशीचं. मी तिथे नव्हते, पण शेजारची मुलगी होती. तिने मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. तू दारात दिसल्यावर अण्णा उठायला बघत होते. अर्धा गेलेला माणूस, पण कोपरावर जोर देऊन वर आले. तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "आजोबा काहीतरी बोलणारच होते, आणि मग त्यांनी हात ठेवला."

त्यांच्याकडे एकच शब्द आहे. तुला बघून तोच ओठांवर आला असणार. दुसरं काही येणार तरी कुठून? आणि तुला सांगायला तोच शब्द हवा होता, नाही का? पण त्या शब्दाने एक माणूस गेला असं ते धरून बसले आहेत. म्हणून तुझ्यासमोर त्यांनी तो गिळला. तुझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून नाही.

मी अण्णांची बाजू घेते आहे असं तुला वाटेल. घेत नाही. एकोणनव्वदच्या त्या सकाळी मीही ओट्यावर होते. शुभांगीशी तुझं लग्न करायचं चाललं होतं, ती आपल्यातली नाही म्हणून घरात जेवण बंद झाल्यासारखं झालं होतं, आणि अण्णांनी सगळ्या मंडळीसमोर तुला शब्द दिला, "सोड." तू ओटा उतरलास आणि घरच सोडून गेलास. उरलेल्या कुटुंबांना शब्द देताना अण्णांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, हे मला आजही खुपतं. देव खरंच त्यांना तो शब्द देत होता, की ते स्वतःच्या मनातलं देवाच्या नावाने बोलत होते? तेव्हा मी विचारलं नाही. आता विचारलं तर ते हात तोंडावर ठेवतील.

पाच दिवसांनी एक तारीख आहे. या वर्षी अण्णांनी उपास धरलेला नाही. जेवण मात्र खूप कमी झालं आहे, ते उपासासाठी नाही.

मैना


पंचवटी, नाशिक
३ जानेवारी २०००

प्रिय रंगा,

आधीचं पत्र मिळालं असेल, नसेल, मी आपली लिहिते. शाळेला सुट्टी आहे आणि घरात बोलायला कुणी नाही.

एक तारखेला या वर्षी ओट्यावर काही ठेवलं नव्हतं. पाळकांनी उपासनेतच सांगितलं, की आता प्रत्येकाने आपापला शब्द प्रार्थनेत शोधावा, दुसऱ्याने कुणी द्यायचा नाही. लोक गोंधळले. वर्षानुवर्षं हातात मिळालेली गोष्ट स्वतः शोधायची म्हणजे काय, ते कुणाला कळेना. शेवटी झिपरू उभा राहिला आणि म्हणाला, "मला 'हळू' राहू द्या. रिक्षावाल्याला बराय." सगळे हसले. सावळीरामकाका गेल्यापासून आमची मंडळी अशी हसली नव्हती. मग एकेक जण उठून सांगायला लागला. कुणी "आनंद" म्हणालं, कुणी "भाकर". एका म्हातारीला सुचेना, तर ती शेजारणीचाच शब्द घेऊन बसली.

मी घेतला नाही. निवडायला डोळे मिटले, की अण्णांचा तो पेल्यासमोरचा चेहरा येतो. माझा विश्वास गेला असं लिहीत नाही, भीती वाटते लिहायला. पण देवाने आता माझ्याशी थोडे दिवस बोलू नये असं मला वाटतं. हे पाळकांना सांगता येत नाही, तुला सांगते आहे.

मी घरी आले तर फाटकात भागीबाई उभ्या होत्या. वर्षभर त्या आपल्या घराकडे फिरकल्या नव्हत्या. उपासनेला यायच्या, मागे बसायच्या, माझ्या आधी निघून जायच्या. हातात शेवंतीची जुडी होती, त्यांच्याच वावरातली. म्हणाल्या, "मास्तरांकडं बसायचंय मला." मला नाही म्हणता येईना, आणि हो म्हणायची हिंमत होईना. त्याच आत गेल्या.

त्यांना बघून अण्णांचा हात तोंडावर गेलाच.   भागीबाईंनी खुर्ची ओढली, शेवंती उशाशी ठेवली.

"मास्तर, वळखलं का? मी भागी."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"एक सांगायला आले. कोनाला ठाव नाय हे, माझ्या पोरांनाबी नाय. आमच्या ह्यांना आपरेशनला जायाचंच नव्हतं. छाती उघडत्यात म्हनल्यावर लय भ्याले व्हते. तुमच्याकडं यायच्या आदीच मला म्हनले, भागे, काय बी व्हवो, मी जानार नाय. तुम्ही थांब म्हनला. तुम्ही जा म्हनला असता, तरी बी ते गेले नसते. लोकास्नी सांगायला त्यांना एक कारन गावलं, बस. तुमच्या बोलन्यानं काय झालं नाय."

अण्णांनी डोळे उघडले. बराच वेळ ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग तो हात खाली आला. मी सोडवला नाही, कुणी सोडवला नाही, आपोआप चादरीवर आला. आणि ते रडले, रंगा. आवाज काढून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. भागीबाई त्यांच्या पायावर हात ठेवून बसून राहिल्या. मी खिमटी करून आणली ती त्यांनीच भरवली. अण्णांनी वाटी संपवली.

भागीबाईंना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. माझ्या मनात सलत होतं. मागच्या वर्षी त्यांच्याकडे गेले तेव्हा दवाखान्यात न्यायची पिशवी भरून खुंटीला लावलेली मी पाहिली होती. टॉवेल, नवी लुंगी, तांब्या. आणि काकांनी तर माझ्याकडे आमटीसुद्धा सांगून ठेवली होती. भ्यालेला माणूस असं बोलत नाही.

मी विचारलं, "काकू, खरंच काका घाबरले होते?"

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "घाबरले असते, तर मला इथं यायचं काय काम व्हतं?"

मी फाटकाची कडी काढून दिली.

"राग हाय मला," त्या म्हणाल्या. "लय हाय. देवाचाबी हाय. पर वरीसभर झोपायला गेलं, की वाटतं, तो म्हातारा तिकडं उपाशी मरतोय. एका मानसाचं ओझं मला पुरं हाय, मैना. दोघांचं नाय व्हत."

आणि वावरात पाणी सोडायचं आहे म्हणून निघून गेल्या.

तुझी ताई,
मैना


पंचवटी, नाशिक
१६ एप्रिल २०००

प्रिय रंगा,

तू नांदगावला सुखरूप पोचलास असं शुभांगीने कळवलं. अण्णांच्या दफनाला तिने यावं असं तुला वाटलं आणि ती आली, हे मी विसरणार नाही. तिने आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून सगळ्यांचा चहा केला. साखर कुठे आहे एवढंच तिने मला विचारलं.

कबरस्थानातून निघताना तू मला विचारलंस, "शेवटी काही बोलले का?" लोक जवळ होते, मी नुसती मान खाली घातली. त्यातून तू काय समजलास कोण जाणे. म्हणून उत्तर लिहिते.

नाही बोलले. भागीबाई येऊन गेल्यापासून हात तोंडावर जायचा बंद झाला, पण तो एक शब्दही मग आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, तोही गेला असेल. मला वाटतं त्यांनीच ठेवून दिला. तुझं नावही त्यांनी घेतलं नाही. घेतलं असं सांगितलं असतं, तर तुला बरं वाटलं असतं, आणि कदाचित मलाही. भागीबाईंना जमलं ते मला जमत नाही. आणि आपल्या घरात शब्द फार वाटून झाले, रंगा. त्यात आता आणखी एक खोटा नको.

पण घडलं ते सांगते. ईस्टरला तुम्ही तिघं येणार असं शुभांगीचं कार्ड आलं, ते मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि डोळ्यांजवळ धरून तुझ्या अक्षरातला पत्ता बघत राहिले. मग गालावरून हात फिरवून मला खूण केली. दाढी करायची होती. मी म्हटलं, "अण्णा, ईस्टरला अजून अवकाश आहे, एवढ्यात कशाला?" ऐकेनात. शेवटी मी न्हाव्याला बोलावून आणलं. त्याने दाढी केली, केस कापले, कानावरचे केससुद्धा काढले. अण्णांनी आरसा मागितला. त्यानंतर रोज सकाळी तीच खूण. न्हावी वैतागला, मग मीच शिकले. हनुवटीखाली मला जमायचं नाही, तिथे कापायचं. ते तक्रार करत नसत. गेले त्या सकाळीही मी त्यांची दाढी केली होती. तू पेटीत त्यांना बघितलंस तेव्हा हनुवटीवर बारीक जखम दिसली असेल, ती त्याची.

त्यांनी तुला "सोड" म्हटल्याबद्दल क्षमा मागितली असती का, मला माहीत नाही. मागितली असती असं मी म्हणणार नाही. ते वाट बघत होते, एवढं मला माहीत आहे.

तू आलास, पण उशिरा आलास. तसं मी तुला बोलून दाखवणार नव्हते. आता लिहून गेले तर राहू दे.

खोली रिकामी केली नाही अजून. खाट उन्हात टाकली आहे. सकाळी जाग येते ती त्यांना कुशीवर वळवायच्या वेळेला, आणि मग करायला काहीच नसतं. पाळक म्हणतात, वर्ष अजून पुष्कळ बाकी आहे, तुम्ही एखादा शब्द घ्या. बघू.

दुसरं एक. कबरीपाशी पाळकांची प्रार्थना झाली, लोकांनी मूठमूठ माती टाकली आणि सगळे फाटकाकडे निघाले. शुभांगीला घेऊन मीही निघाले. मागे वळून बघितलं तर तू कबर बुजवणाऱ्या माणसाच्या हातून फावडं घेतलं होतंस. तो तुला नको म्हणत होता, ते त्याचं काम होतं. तू सदऱ्याच्या बाह्या वर केल्यास आणि माती ओढायला लागलास. ऊन तापलं होतं. तू एकदाही थांबला नाहीस. हर्षल थोडा वेळ बघत राहिला, मग खाली बसून हातांनी ढेकळं लोटायला लागला.

मी हाक मारणार होते. मारली नाही. शुभांगीला म्हटलं, आपण सावलीत उभ्या राहू, त्यांना वेळ लागेल.

ताई